थेरगावच्या ‘थ’पासून चाकणच्या ‘च’पर्यंत

थेरगाव हे नाव इंग्रजी पाटीवर टी आणि एच या दोन अक्षरांनी सुरू होतं. मराठी माणूस पाटीकडे न बघताच ते म्हणतो. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, हवा क्षणभर अडते, जीभ सुटते आणि तिच्यामागून श्वासाचा एक झोत बाहेर पडतो: थ. हे नाव कधीच न ऐकलेला एखादा इंग्रज पाहुणा तीच पाटी वाचू लागला, तर त्याच्या तोंडात बहुधा वेगळंच काही घडेल. त्याची जीभ दातांना घट्ट टेकणारच नाही. तिचं टोक वरच्या दातांच्या कडेशी येऊन थांबेल, जरासं बाहेरही डोकावेल आणि जीभ व दात यांच्यामधल्या फटीतून हवा घासत, सरकत बाहेर येत राहील.

हा फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. मराठी ‘थ’ लांबवता येत नाही. थेरगावचा थ ताणायला गेलं, तर ताणला जातो तो पुढचा ‘ए’. इंग्रजी ‘थिन’ किंवा ‘थ्रेड’ची सुरुवात मात्र ‘स’सारखी दम असेपर्यंत चालू ठेवता येते. एक ध्वनी बंद दार एकदम उघडल्यासारखा, दुसरा किलकिल्या दारातून येणाऱ्या वाऱ्यासारखा. मराठी लिपीत दोन्हींना अक्षर एकच. त्यामुळे आयुष्यात हजारो वेळा ‘थँक यू’ म्हटलेल्या माणसालाही हा फरक कुणी दाखवलेला नसतो. खरं तर दाखवायला अर्धं मिनिट पुरतं: जिभेचं टोक दातांच्या मध्ये हलकेच ठेवायचं, दाबायचं नाही, आणि फुंकायचं.

पवनेच्या काठावरचं हे गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात सामावलं आहे. एका अंगाला चिंचवड, दुसऱ्या अंगाला वाकड आणि त्यापलीकडे हिंजवडीचं आयटी पार्क. नदीकाठी बोट क्लब, दिलीप वेंगसरकरांची क्रिकेट अकादमी, आणि सकाळ-संध्याकाळ गाड्यांनी तुंबणारा डांगे चौक. इथल्या घरांतून कुणी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला जातं, कुणी हिंजवडीच्या ऑफिसात. अशा घरात इंग्रजी पुस्तकातून येते त्याहून जास्त कामावरून येते. फर्स्ट शिफ्ट, गेट पास, ओटी, ड्रॉइंग, टॉलरन्स, रिजेक्शन, झिरो डिफेक्ट. हे शब्द मराठी वाक्यात इतके मुरले आहेत की त्यांना परके म्हणणंही अवघड आहे.

पण ते दोन वाटांनी आले आहेत, आणि उच्चाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. काही कानाने आले, काही डोळ्यांनी. ‘कंपनी’ हा शब्द बघावा. स्पेलिंग पाहून कुणी तो घेतला असता तर आपण ‘कॉम्पनी’ म्हटलं असतं. तो ऐकून घेतला, म्हणून पहिल्या अक्षरात अगदी नेमका ‘अ’ आला. कप, बस, पंप, कटिंग यांचंही तसंच. ‘कंट्रोल’ लिहिताना मराठीने पहिल्या अवयवात, म्हणजे सिलॅबलमध्ये, ‘ऑ’ घातला नाही, कारण इंग्रजाच्या तोंडातही तिथे ‘ऑ’ नसतो, पुसट ‘अ’ असतो. नळकामातला ‘वायसर’ ऐकता ऐकता आपल्या जिभेला सोयीचा करून घेतलेला. याउलट ‘प्लंबर’मधला ‘ब’ आला तो डोळ्यांनी. इंग्रजीत तो लिहितात, म्हणत नाहीत.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण वर्कशॉपमधलं आहे. कातकामाच्या यंत्राला शिकलेली माणसं ‘लेथ’ म्हणतात, कामगार पुष्कळदा ‘लेद’ म्हणतात. ‘लेद’ म्हणणाऱ्याला अडाणी समजण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात या शब्दाच्या शेवटी टीएच असला तरी तो ‘थिन’मधला नाही, ‘दॅट’मधला आहे, तो म्हणताना गळा गुणगुणतो. गळ्यावर हात ठेवला तर कंप हाताला लागतो. म्हणजे ‘लेद’ म्हणणारा हात काळे केलेला कारागीरच मूळ उच्चाराच्या अधिक जवळ आहे, आणि स्पेलिंगवर विसंबलेला सुशिक्षित लांब.

इंग्रजीचं स्पेलिंग हा तोंडाचा नकाशा नाही, ही अडचणीची गोष्ट आहे. सव्वीस अक्षरांत चाळीसहून अधिक ध्वनी कोंबलेले आहेत. ए, बी, सी, डी या क्रमालाही तोंडाच्या दृष्टीने काही अर्थ नाही: ओठांचा बी, मग सी, मग जिभेचा डी, मग स्वर. मराठी मुलाच्या हातात मात्र पहिल्याच दिवशी एक शास्त्रीय नकाशा दिला जातो. फक्त तो नकाशा आहे हे त्याला कुणी सांगत नाही.

क, च, ट, त, प. हे पाच वर्ण सावकाश म्हणावेत. ‘क’ला जिभेची मागची बाजू घशाजवळ मऊ टाळूला लागते. ‘च’ला जिभेचा मधला भाग कडक टाळूला. ‘ट’ला टोक मागे वळून टाळूच्या उंच भागाकडे जातं. ‘त’ला ते दातांपाशी येतं. ‘प’ला जीभ स्वस्थ, काम ओठांचं. कंठापासून ओठांपर्यंतचा हा प्रवास वर्गांच्या क्रमातच बसवलेला आहे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. प्रत्येक वर्गात पुन्हा एक ठरलेला क्रम. क साधा, ख श्वासाच्या झोताचा, ग गळ्यातल्या कंपाचा, घ कंप आणि झोत दोन्हींचा, ङ नाकातला. कोणत्या जागी आणि कोणत्या प्रयत्नाने, या दोन प्रश्नांची उत्तरं दिली की व्यंजन सापडतं. पाणिनी आणि त्याच्या आगेमागे होऊन गेलेले शिक्षा-प्रातिशाख्य या उच्चारशास्त्रीय ग्रंथांचे कर्ते हाच हिशेब मांडत होते. वेदाचा उच्चार पिढ्यान्‌पिढ्या बिघडू नये ही त्यांची गरज होती. त्या गरजेतून तोंडाच्या आतला इतका बारीक अभ्यास उभा राहिला.

युरोपात तो पोचला अठराव्या शतकाच्या अखेरीला, सर विल्यम जोन्स यांच्यामुळे. इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केलं की जोन्सने ओळख करून दिलेल्या भारतीय वैयाकरणांशिवाय एकोणिसाव्या शतकातली इंग्लंडची ध्वनिशास्त्राची परंपरा कल्पनेतही आणणं कठीण आहे. १८८६ साली पॅरिसमध्ये ध्वनिशिक्षकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना सुरू झाली, तिची चिन्हं आज प्रत्येक चांगल्या इंग्रजी शब्दकोशात कंसात दिसतात. त्या चिन्हांचा तक्ताही जागा आणि प्रयत्न यांवरच बेतलेला आहे, फक्त दिशा उलटी. तो ओठांपासून सुरू होऊन घशाकडे जातो. क-ख-ग येणाऱ्याला तो वाचायला नवं असं फार थोडं शिकावं लागतं.

आता इंग्रजीचा टी घेऊ. मराठीने त्याला ‘ट’ दिला: टेबल, टाइम, टूल. पण इंग्रजी टी मराठी ‘ट’च्या जागी नाही आणि ‘त’च्याही नाही. दोन्हींच्या मधे, वरच्या दातांच्या मुळाशी हिरडीचा जो उंचवटा जिभेला लागतो, तिथे तो उच्चारला जातो. ‘ट’ म्हणताना जीभ मागे वळते म्हणून आपलं इंग्रजी परक्या कानाला जड, ठोकल्यासारखं लागतं. डांगे चौकातला ‘ड’ आणि इंग्रजी ‘डे’मधला डी यांतही हाच फरक.

तो उंचवटा शोधायला थेरगावकराला लांब जावं लागत नाही. शेजारच्या गावाच्या नावात तो आहे. ‘चिंचवड’ हा शब्द हळू म्हणावा. त्यात ‘च’ दोनदा येतो, पण दोन्ही ‘च’ एक नाहीत. पहिला ‘चि’ टाळूवरचा, चहातला. दुसरा, चिंचेच्या शेवटचा, दातांच्या मुळाशी होणारा, चमच्यातला. लिपीत भेद नाही, तोंडात पक्का आहे. मराठी लहान मूलही त्यात चुकत नाही, आणि बाहेरून आलेला माणूस वर्षानुवर्षं दोन्ही ‘च’ सारखेच म्हणतो. चाकणचा ‘च’ आणि चौकातला ‘च’ हे दुसऱ्या जातीचे. हा चाकणचा ‘च’ म्हणायला तोंड तयार करावं आणि आवाज काढण्याआधीच थांबावं. जीभ आत्ता जिथे टेकली आहे, तीच इंग्रजी टीची जागा. तिथूनच ‘टाइम’ म्हणून पाहावा. जीभ मागे वळू द्यायची नाही, एवढंच.

जागा साधली तरी एक गोष्ट राहते, ती श्वासाची. कारखान्यात ‘पिन’ आणि ‘बिन’ हे दोन्ही शब्द रोज लागतात. एक जोडायची पिन, दुसरी सुटे भाग ठेवायची बिन. मराठी कानाला त्यांत गोंधळ व्हायचं कारणच नाही. पण फोनच्या पलीकडे इंग्रज किंवा अमेरिकन माणूस असेल, तर आपली ‘पिन’ त्याला ‘बिन’ ऐकू येऊ शकते. कारण त्याच्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीचा पी नेहमी श्वासाच्या झोतासह येतो. तो झोत नसला की त्याचा कान बी समजतो.

ही गोष्ट मोजून पाहिली गेली आहे, आणि त्या मोजणीत मराठीही होती. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून गळ्यातले स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी मोजलं. इंग्रजीत पी सुटल्यावर कंप सुरू व्हायला सरासरी ५८ मिलिसेकंद लागले, टीला ७०, ‘के’ला ८०. एवढ्याशा फटीत तो श्वास ऐकू येतो. इंग्रजी या बाबतीत दोनच घरं वापरते. हिंदी आणि मराठी मात्र चार: प, फ, ब, भ. अकरा भाषांत चार घरांच्या या दोनच.

म्हणजे जे इंग्रजाकडे आहे ते मराठीकडे आधीपासून आहे, वर आणखीही आहे. ‘पिन’ म्हणताना ओठ मिटून जुन्या वळणाचा ‘फ’ काढायचा. हल्ली अनेकजण ‘फळ’ म्हणतानाही दात ओठाला लावतात, तसा नव्हे. ओठ ओठांवर मिटून सोडलेला. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलली पाहिजे. पण शब्दाआधी ‘स’ आला की इंग्रजीतही श्वास गळतो: ‘स्पिन’मधला पी अगदी आपला साधा ‘प’, पट्टी जागची हलत नाही. गंमत म्हणजे इंग्रज माणसाला हे दोन पी वेगळे आहेत याचा पत्ताही नसतो, कारण त्याच्याकडे दोघांना एकच अक्षर आहे. मराठी माणसाला ते प आणि फ असे सरळ दोन दिसतात.

व्ही आणि डब्ल्यूची गोष्ट उलटी आहे. इथे लिपीने भेद जपला आणि जिभेने तो सोडला. हिंदीत ‘वीडियो’ लिहितात, मराठीत ‘व्हिडिओ’. व्हॅन, व्हॉल्व्ह, व्हर्निअर यांत ‘व्ह’ आणि वॉशर, वेल्डिंग, वायर यांत ‘व’. हा मराठीचा फार चांगला शोध म्हटला पाहिजे. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्यात इंग्रजीसाठी रुजलेले ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वरही अधिकृतपणे स्वरमालेत घेतले. लिपी अशी पाहुण्यांना जागा देत आली आहे. पण बोलताना मराठी ‘व’ दोन्हींच्या मधेच राहतो: दात ओठाजवळ येतात, ओठाला लागत नाहीत; ओठ किंचित पुढे येतात, गोल होत नाहीत. परक्या कानाला मग तो हवा तसा ऐकू येतो, म्हणजे नको तेव्हा दुसराच.

हे दोन्ही ध्वनी आरशात दिसतात, म्हणून शिकायला सर्वांत सोपे. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि तसेच ठेवून गुणगुणायचं. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. ‘व्हॉल्व्ह’ म्हणताना हे दोनदा घडतं. ‘व्ह’मधला ‘ह’ इथे घ्यायचा नाही, तो फक्त लिपीची खूण आहे. डब्ल्यूला दात विसरायचे. ‘ऊ’ म्हणायला ओठांचा चंबू करायचा आणि तिथून झटक्यात पुढच्या स्वरावर उडी घ्यायची: उ-ऑशर, उ-एल्डिंग. आधी सावकाश, मग जोडून. पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात गोंधळ वाढवायला तिसरी भाषाही आहे. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे, आणि जर्मन लोक व्हीला ‘फ’ म्हणतात, डब्ल्यूला ‘व्ह’. त्यांच्या तोंडी त्या नावाचा उच्चार ‘फोल्क्सव्हागन’च्या जवळ जातो. वाकडची इंग्रजी पाटी जर्मन पाहुण्याने वाचली, तर वरचे दात खालच्या ओठावर टेकूनच.

‘झिरो डिफेक्ट’मधला झेड हाही असाच जवळ असून हुकणारा. मराठी ‘झ’ला जीभ आधी टेकते, मग सुटते, आणि ‘ह’चा श्वासही येतो. इंग्रजी झेडला जीभ टेकतच नाही. लांब ‘स्‌स्‌स्’ काढावा आणि मधेच गळा सुरू करावा; भुंग्यासारखा जो आवाज येतो तो झेड. हीच युक्ती ‘श’वर केली, तर ‘मेझरमेंट’च्या मधला, स्पेलिंगमध्ये एसच्या वेषात लपलेला ध्वनी हाती येतो. आणि इंग्रजी आर म्हणजे न टेकणारा ‘र’. आपला ‘र’ जिभेचा एक टिचका मारतो. तो टिचका मारायला जीभ उचलावी आणि टाळूला शिवायच्या आत थांबवावी.

स्वरांकडे वळलं की आरशाचा उपयोग संपतो. जीभ तोंडाच्या पोकळीत कुठेही न टेकता तरंगते, आणि तिची उंची, पुढे-मागे असणं, ओठांचा आकार यांवर स्वर ठरतो. डॉक्टर घसा तपासताना ‘आ’ करायला सांगतात ते काही उगाच नाही. ‘आ’ला जीभ सर्वांत खाली जाते, ‘ई’ला ती वर चढून घसा झाकते. ‘ई’ आणि ‘ऊ’ आलटून पालटून म्हटले तर जीभ पुढे-मागे सरकताना जाणवते.

थेरगावचा बोट क्लब यासाठी चांगला नमुना आहे. त्यातला ‘क्लब’ आपण कानाने घेतला आहे, त्यातला ‘अ’ बरोबर आहे, ‘क्लुब’ कुणी म्हणत नाही. ‘बोट’ मात्र मराठी बोटासारखंच म्हटलं जातं, हाताच्या. मराठी ‘ओ’ स्थिर आहे. सुरू होतो तसा संपतो. ब्रिटिश इंग्रजीत हा स्वर प्रवास करतो. जीभ मधल्या ‘अ’पाशी निघते आणि ओठ मिटत मिटत ‘उ’कडे जाते. ‘बअउट’ असं तीन तुकड्यांत नव्हे, एका सरकत्या हालचालीत. ‘गेट पास’मधला ‘ए’ही ‘इ’कडे सरकतो. हे सरकणं नसलं तरी अर्थ बिघडत नाही, म्हणून याच्या मागे फार लागायचं कारण नाही.

अर्थ बिघडतो तो ‘फिट’ आणि ‘फीट’मध्ये. एक बसवणं, दुसरं मोजमाप. दोन्ही शॉप फ्लोअरवरचे. इथे मराठीचाच एक नियम आडवा येतो. मीठ, जीभ, गूळ, फूल: मराठी शब्द अकारान्त असला की त्याच्या आधीचा इकार-उकार आपण आपोआप लांबवतो, शुद्धलेखनातही आणि तोंडातही. त्या सवयीने ‘फिट’ही ‘फीट’ होतो, ‘फिल’ हा ‘फील’ होतो. ऱ्हस्व म्हण, असं सांगून भागत नाही, कारण इंग्रजीत या दोन स्वरांत फक्त लांबीचा फरक नाही. ‘फीट’ला जीभ उंच आणि ताठ, ओठ हसल्यासारखे फाकलेले. ‘फिट’ला जीभ थोडी खाली आणि मागे येते, ढिली पडते, ओठही सैल. कंटाळून ‘ए’ म्हणायला निघालेला माणूस ‘इ’पाशी थबकला तर जसा आवाज येईल, तसा तो स्वर. लांबीचं तर असं आहे की ‘फीट’मधला स्वर ‘फीड’मधल्या त्याच स्वरापेक्षा आखूड असतो, कारण पुढचा टी त्याला लवकर कापतो.

इथवर एकेका ध्वनीची गोष्ट झाली. पण परक्याला आपलं बोलणं न कळण्याचं मोठं कारण याहून वेगळं निघालं. हैदराबादच्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीयांची इंग्रजी इतरांना किती कळते याचा अभ्यास केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यात न कळण्याच्या कारणांत आघाताची, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अवयवावर जोर द्यायचा याची, चूक अग्रभागी होती. थ, ट, व यांचं वेगळेपण परका कान पचवतो. पण आघात चुकीच्या अवयवावर पडला, की त्याला शब्दच सापडत नाही.

मराठीत आघात सौम्य आहे आणि त्याने अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. ‘रिजेक्ट’ हा शब्द क्वालिटी विभागात दिवसभर कानावर पडतो. नाकारलेला नग, म्हणजे नाम असेल, तर जोर पहिल्या अवयवावर: री-जेक्ट. नाकारणं, म्हणजे क्रियापद असेल, तर दुसऱ्यावर: रि-जेक्ट. रेकॉर्डचंही तेच. ‘डेव्हलप’मध्ये जोर ‘व्हे’वर, पहिला अवयव दबलेला, ‘डि’. ‘हॉटेल’मध्ये जोर शेवटी. ‘इंजिनिअर’मध्ये अगदी शेवटच्या ‘निअर’वर. ‘मॅनेजर’मध्ये मात्र पहिल्यावर. जोर पडलेला अवयव लांब, उंच आणि स्पष्ट होतो, बाकीचे आक्रसतात, आणि आक्रसताना त्यांचा स्वर कुठलाही असो, तो मधल्या पुसट ‘अ’कडे झुकतो. इंग्रजी शिकणाऱ्या अनेक परदेशी लोकांना तो पुसट स्वर महिनोन्‌महिने सापडत नाही. मराठीचा ‘अ’ त्याच्या अगदी शेजारचा आहे. आपली चूक एवढीच की स्पेलिंगमध्ये ओ दिसला की ‘ऑ’ आणि ए दिसला की ‘ॲ’ म्हणायचा मोह आवरत नाही. ‘कंपनी’ म्हणणाऱ्या आजोबांना तो मोह नव्हता.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तो निर्णय घेणारे तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच पिंपरी-चिंचवडचे. चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. निर्णयावर तेव्हा मोठा वाद झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशी ओलांडून कामाला लागली आहेत, त्यांतली कितीतरी याच पट्ट्यात. इंग्रजी त्यांना लवकर मिळाली हे खरंच मोलाचं झालं. पण ती बहुतेक ठिकाणी फळ्यावरच्या स्पेलिंगमधून मिळाली. त्याच फळ्याशेजारी क-ख-गचा तक्ता टांगलेला होता, आणि दोघांची गाठ घालून दिली गेली नाही. हे काम कठीण नव्हतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये ध्वनिशास्त्राचा अभ्यास कित्येक दशकं चालत आला आहे. ना. गो. कालेलकरांनी ‘ध्वनिविचार’ मराठीत लिहून ठेवला होता. अशोक केळकरांनी १९५८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयच मराठीचे ध्वनी आणि रूपं हा होता. ते ज्ञान पहिलीच्या वर्गापर्यंत यायला हवं होतं.

त्याऐवजी वर्गात आणि पुढे नोकरीत आली ती लाज. परभणी-लातूरहून आलेला फिटर मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, ते काम येत नाही म्हणून नव्हे, तर आपण ‘व्हॉल्व्ह’ कसा म्हणतो याकडे लोक बघतील म्हणून. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ लिहिलं, ते १९७५ साली रंगमंचावर आलं. त्यातली फुलं विकणारी मंजुळा आणि तिचे उच्चार घासूनपुसून काढणारा प्राध्यापक मराठी माणसाला इतके आपले वाटले, कारण बोलण्यावरून माणसाची किंमत करायची सवय मराठीलाही चांगलीच आहे. उच्चाराचा अभ्यास आणि उच्चारावरून केलेला अपमान या दोन गोष्टी त्या नाटकातही एकाच खोलीत राहतात. शिकवणाऱ्याने त्या वेगळ्या करायला हव्यात. जीभ कुठे ठेवायची ते सांगणं म्हणजे ड्रॉइंगवर माप लिहून देण्यासारखं आहे. त्यात कुणाचं गाव, जात, शाळा निघत नाही.

आणि हा धडा एकाच दिशेने द्यायचा असतो असंही नाही. चाकणला मर्सिडीज बेंझचाही कारखाना आहे. ‘बेंझ’ हा उच्चार स्पेलिंगवरून, डोळ्यांनी आलेला. जर्मनमध्ये झेड या अक्षराचा उच्चार ‘त्स’ असा होतो: जीभ दातांच्या मुळाशी टेकते, अडवते आणि घासत सुटते. त्यामुळे जर्मन माणूस स्वतःच्या गाडीचं नाव घेताना शेवटी जो ध्वनी काढतो, तो नेमका चमच्यातला ‘च’ आहे. मराठीत ते नाव ‘बेंच’ असं लिहून, बाकाच्या नव्हे तर चिंचेच्या ‘च’ने वाचलं, तर जर्मन उच्चाराच्या फार जवळ जाता येतं. ‘चाकण’ नीट म्हणता न येणाऱ्या जर्मन पाहुण्याला म्हणूनच एवढंच सांगायला हवं, की ‘बेंझ’ हा शब्द जिथे संपतो, तिथूनच गावाचं नाव सुरू कर.